बॉडीचा मोह आणि भिंगाचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यात लग्नाचे, बारशाचे आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे फोटो काढून घर चालवणाऱ्या माणसाच्या गाठीला चार पैसे जमले की त्याच्या मनात आधी येते ती कॅमेऱ्याची नवी बॉडी. हातात सात-आठ वर्षे वापरलेला डीएसएलआर असतो, त्याला कंपनीने सोबत दिलेली १८-५५ ची किट लेन्स असते आणि दुकानाच्या काचेमागे फुल फ्रेम मिररलेस दिसत असतो. मधली दरी बुजवायला हप्ते तयारच असतात. माझे म्हणणे असे की हा खरेदीचा क्रम बहुतेकांच्या बाबतीत उलटा आहे. थैली लहान असेल तर पैसा आधी उजेडावर, मग भिंगावर, मग उपकरणे जपण्यावर जावा आणि बॉडीची पाळी सर्वांत शेवटी यावी. अपवाद आहेत, त्यांच्याकडे पुढे येतोच. पण हे म्हणणे तपासून पाहायला कोल्हापूरसारखे गाव नाही. विलायती कॅमेरा घेण्याची ऐपत नसताना सिनेमा उभा करण्याचा खटाटोप याच गावात झाला आणि तो तडीसही गेला.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. त्यावरून रोज जाणाऱ्यांना तो बाबूराव पेंटर यांच्या नावाने उभा आहे हे माहीत असते. तो कॅमेरा का बनवावा लागला याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. भारतात चलच्चित्राचा कॅमेरा मिळवण्याच्या तोवर दोन वाटा रूढ होत्या. पहिली सावेदादांची. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मुंबईतले चालता स्टुडिओ असलेले फोटोग्राफर. १८९६ साली वॉटसन हॉटेलात ल्युमिएरचे खेळ पाहिल्यावर त्यांनी इंग्लंडहून २१ गिनी मोजून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. धंद्यातला नफा धंद्यात घालणे, असा तो सरळ मामला होता. दुसरी वाट फाळक्यांची. त्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले आणि विल्यमसन कॅमेरा आणला. (पुढे सत्यजित राय यांनीही 'पथेर पांचाली'साठी विम्यावर कर्ज काढले. भारतीय सिनेमावर विमा कंपन्यांचे ऋण आहे ते असे.) कोल्हापूरच्या दोन चित्रकारांपुढे यातली कोणतीच वाट मोकळी नव्हती.

बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. साधारण १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटक कंपन्यांसाठी आणि पारशी-गुजराती रंगभूमीसाठी त्यांनी रंगवलेले पडदे नावाजले गेले. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्यांना सिनेमाने झपाटले. तरी ते लगेच कॅमेऱ्यामागे धावले नाहीत. आधी ते दुसऱ्यांचे सिनेमे दाखवू लागले आणि ते करता करता कॅमेरा जुळवण्याच्या उद्योगाला लागले. या क्रमात व्यवहार आहे. खेळ दाखवणाऱ्याच्या हाताखाली प्रोजेक्टर रोज असतो. फिल्म एक चौकट पुढे सरकते, क्षणभर थांबते, झडप उघडते, मिटते, पुन्हा फिल्म सरकते. प्रोजेक्टरच्या पोटातली ही चाल आणि कॅमेऱ्याच्या पोटातली चाल यांचे तत्त्व एकच. ल्युमिएर बंधूंचे १८९५ चे यंत्र तर चित्रण, छपाई आणि प्रक्षेपण ही तिन्ही कामे एकाच पेटीत करत असे. रोज कमाई देणारे यंत्रच शिकवणीलाही उपयोगी पडत होते. आनंदराव १९१६ मध्ये वारले आणि काम अर्धवट राहिले. ते १९१८ साली बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून पुरे केले. तानीबाई कागलकर या गायिकेने दिलेल्या पैशाच्या आधारावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला.

हा इतिहास 'कोल्हापुरी माणसाची जिद्द' या सदरात घालून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. जिद्द होतीच, पण मला त्यात अंदाजपत्रक दिसते. त्या काळी कॅमेऱ्यासाठी तीन गोष्टी लागत. धातूची पेटी आणि तिच्यातली यंत्रणा, भिंग, आणि कच्ची फिल्म. प्रकाशकीय काच भारतात तयार होत नव्हती. कच्ची फिल्मही बाहेरूनच येई. उटीचा सरकारी फिल्म कारखाना १९६० नंतरचा. म्हणजे भिंग आणि फिल्म यांना रोकड मोजण्यावाचून गत्यंतर नव्हते. फिल्म तर रोज खाणारी वस्तू. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात आणि मूकपटाचा वेग सेकंदाला सोळा चौकटींच्या आसपास असे, म्हणजे कॅमेऱ्याचा दांडा फिरू लागला की दर सेकंदाला एक फूट फिल्म संपली. उरली पेटी. दाते, खिळे, झडप, चाके हे काम मात्र कोल्हापूरच्या हाताला येण्यासारखे होते. ज्या गावाने पुढे शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिने ओतली, त्या गावात लोखंड-पितळ घडवणाऱ्याची वानवा नव्हती. जिथे कसब पुरते तिथे कसब आणि जिथे पैशाशिवाय चालत नाही तिथेच पैसा, अशी ती विभागणी होती. बॉडी घरी घडली आणि विकत घ्यायच्या गोष्टींसाठी पैसा वाचला.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. त्या घरगुती कॅमेऱ्याने काढलेले चित्र लोकांनी का पाहिले? तो कॅमेरा विलायती यंत्रापेक्षा सरस असण्याचा संभव नव्हता. फरक पडला तो त्याच्यासमोर काय मांडले यामुळे. रंगवलेल्या सपाट पडद्यांच्या जागी बाबूरावांनी खोली असलेली, माणसे वावरू शकतील अशी सेट-रचना आणली. ज्यांनी स्वतः आयुष्यभर पडदे रंगवले त्यांनीच पडदा टाकून दिला, हे विशेष. 'सिंहगड'च्या वेळी, १९२३ मध्ये, रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. जाहिरातीची भित्तिपत्रके स्वतः रंगवली, चित्रपटाची माहितीपुस्तिका छापली. लोकमान्य टिळकांनी तर त्यांना त्याआधीच 'सिनेमा केसरी' म्हटले होते. या यादीत सुधारणेच्या नावाखाली झालेला खर्च आणि श्रम बघा: सेट, उजेड, छपाई. प्रेक्षकाच्या डोळ्याला जे भिडते त्यावर.

उजेड स्वस्तात कसा सुधारतो याचा भारतीय छायाचित्रणातला दाखला याहून तीस-पस्तीस वर्षांनंतरचा आहे. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी, १९५६ साली, काशीच्या घराचे अंगण स्टुडिओत उभे करायचे होते. अशा अंगणात ऊन थेट पडत नाही, वरच्या आभाळाच्या तुकड्यातून मवाळ होऊन उतरते. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरे कापड ताणले, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि परावर्तित होऊन आलेल्या उजेडात चित्रण केले. ही पद्धत आज जगभर बाउन्स लायटिंग म्हणून शिकवली जाते. तिला लागलेले सामान कुठल्याही कापडाच्या पेठेत मिळेल.

आता आजच्या लग्नाच्या हॉलमध्ये येऊ आणि आकडे मांडू. १८-५५ ची किट लेन्स पन्नासच्या आसपास नेली की तिचे तोंड जास्तीत जास्त एफ ५.६ इतके उघडते. ५० मिलिमीटरची साधी प्राइम, जिला सगळे नुसते 'फिफ्टी' म्हणतात, ती एफ १.८ पर्यंत उघडते. उजेड या आकड्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो. ५.६ ला १.८ ने भागा, वर्ग करा, उत्तर ९.७ च्या जवळ. किट लेन्सवर ६४०० आयएसओ लावून जो फोटो दाणेदार येत होता तोच फिफ्टीवर, तेवढ्याच शटरवेगाला, साधारण ६४० वर निघतो. दुसरीकडे बॉडी बदलल्याने काय मिळते? फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, निकॉनच्या छोट्या सेन्सरचे सुमारे ३६७, कॅननचे त्याहून थोडे कमी. म्हणजे सव्वादोन ते अडीच पट, तेही त्याच अ‍ॅपर्चरची, मोठ्या सेन्सरसाठी घडवलेली आणि म्हणून महाग असलेली लेन्स लावली तर. लेन्सच्या यादीतली जवळपास सर्वांत स्वस्त वस्तू जिथे साडेनऊ पट देते तिथे सर्वांत महाग वस्तू अडीच पट देते. नव्या सेन्सरची गुणवत्ता थोडी चांगली असते, ते धरूनही तराजू फारसा हलत नाही.

जाणकार इथे लगेच अडवतील आणि ते योग्यच आहे. एफ १.८ वर स्पष्टतेची पट्टी पातळ असते. नवरीचा डोळा नेमका आला की शेजारच्या नवऱ्याचे नाक धूसर. स्टेजवर चढलेल्या वीस पाहुण्यांचा ग्रुप तर १.८ वर काढताच येत नाही, तिथे ५.६ किंवा ८ लागणारच. म्हणूनच माझ्या क्रमात भिंगाच्याही आधी उजेड आहे. हाताने आकडे लावायचा साधा फ्लॅश, एक ट्रिगर, एक स्टँड आणि पांढरी छत्री एवढ्या सामानात ग्रुपचा प्रश्न मिटतो. त्यात फुकट मिळणारी वाढही आहे. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, तेव्हा दहा फुटांवरचा फ्लॅश पाच फुटांवर आणला की चौपट उजेड. चौपट ताकदीचा फ्लॅश घेण्याची गरज नाही, स्टँड उचलून पुढे ठेवायचा. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश छताकडे मारण्याची सवय असलेल्यांना आपल्याकडे दोन अडचणी येतात. नव्या हॉलचे पत्र्याचे छत इतके उंच असते की उजेड खाली पोहोचतच नाही, आणि कापडी मांडव लाल-पिवळा असला की परत येणारा उजेड तोच रंग घेऊन चेहऱ्यावर बसतो. बाजूला उभ्या केलेल्या छत्रीला दोन्हीचा त्रास नाही. छत्री नसेल तर पांढरा सनबोर्ड धरायला नवरीचा भाऊ तयारच असतो. एलईडीच्या उजेडात फोटोवर उमटणाऱ्या पट्ट्याही नव्या खरेदीशिवाय घालवता येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलके दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ला ठेवले की पट्ट्या बहुधा जातात. हे ज्ञान नसलेला माणूस मिररलेस घेऊन त्याचे सायलेंट शटर लावतो, पट्ट्या आणखी ठळक होतात, आणि दोष कॅमेऱ्याच्या माथी मारतो.

मेगापिक्सेलचा मुद्दा लवकर संपवता येतो. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचा प्रचलित आकार उघडल्यावर बारा बाय छत्तीस इंच, एक पान बारा बाय अठरा. इंचाला ३०० ठिपके या कडक हिशेबाने अख्खे पान भरणारा एक फोटो ३६०० बाय ५४०० ठिपक्यांचा हवा, म्हणजे दोन कोटींहून थोडे कमी. निकॉनने आपल्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या डी ३२०० मध्ये २४ मेगापिक्सेल दिले ते २०१२ साली. अल्बमची गरज एवढ्या वर्षांपूर्वी भागलेली आहे. चौकाचौकांतल्या फ्लेक्सचे काय, असे कोणी विचारील. दहा फूट रुंद फ्लेक्सवर ६००० ठिपके पसरले तर इंचाला पन्नास येतात, आणि रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला ते पुरून उरतात. दादांच्या वाढदिवसाला पंचेचाळीस मेगापिक्सेल लागत नाहीत.

बाजार आज या विचाराला अनुकूल आहे, हे थैली लहान असणाऱ्याचे नशीब. जगात डिजिटल कॅमेऱ्यांची पाठवणी २०१० मध्ये सुमारे १२ कोटींवर गेली होती; २०२३ मध्ये ती ८० लाखांच्याही खाली होती. मोबाइलने खालचा थर खाल्ला. उरलेल्यात कॅनन आणि निकॉनने २०१८ मध्ये फुल फ्रेम मिररलेस आणले आणि २०२० पासून मिररलेसची पाठवणी डीएसएलआरच्या पुढे गेली. हौशी आणि मोठे व्यावसायिक दोघेही नव्या माउंटकडे सरकले की त्यांच्या कपाटातल्या जुन्या लेन्स बाजारात येतात, आणि त्या जुन्या आहेत म्हणून वाईट नाहीत. कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासूनचा, निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा. इतक्या काळात घडलेली चांगली काच अजून तितकीच पारदर्शक आहे. नव्या वस्तूवरच्या कराचाही विचार करावा. कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला खरा, पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेला आणि नोंदणी न केलेला फोटोग्राफर तो कर परत मिळवू शकत नाही. लाखाच्या वस्तूवरचे अठरा हजार गेले ते गेले. वापरलेल्या वस्तूवर हा भार पहिल्या मालकाने सोसलेला असतो.

नवे म्हणजे वरचे, हाही समज तपासावा. निकॉनच्या डी ७२०० मध्ये, २०१५ साली, कार्डाचे दोन खण होते आणि २४ मेगापिक्सेल. त्याच्या जागी २०१७ मध्ये आलेल्या डी ७५०० मध्ये खण एकच आणि मेगापिक्सेल २१ च्या आत. डी ७५०० जलद आहे, त्याचा व्हिडिओ चांगला आहे. पण वरमाला पुन्हा घालायला सांगता येत नाही आणि एक कार्ड बिघडले तर दुसऱ्यावर प्रत असावी असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी जुना कॅमेरा वरचढ आहे. कॅटलॉगमधल्या क्रमांकाला असली निकड कळत नाही.

जुन्या मालात फसगत होते, हा आक्षेप खरा आहे. मात्र ती ठरावीक जागी होते, म्हणून टाळताही येते. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने पाहिले की आतली बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत द्यावी. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल, अंधूक झालेली आतली काच, सैल रिंग हे दोष हातात घेतल्यावर समजतात, म्हणून कुरिअरने मागवण्यापेक्षा समोरासमोर व्यवहार बरा. बॉडीचा शटर काउंट पाहावा. खालच्या श्रेणीतल्या बॉडीचे शटर साधारण एक लाख क्लिकच्या भरवशाने घडवलेले मानतात. एका लग्नात अडीच हजार क्लिक धरले तर चाळीस लग्नांत लाख भरतो, म्हणजे 'दोनच वर्षे वापरलाय' या वाक्याला अर्थ नाही, कोणी वापरलाय ते विचारायचे. मूळ बिल मागावे आणि त्यावरचा क्रमांक ताडून पाहावा. चोरीचा माल असेल तर घेणाऱ्याच्याच मागे शुक्लकाष्ठ लागते. निकॉनवाल्यांसाठी एक खाचखळगा वेगळा: जुन्या एएफ-डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते, आणि डी ३००० व डी ५००० मालिकेतल्या बॉडींत ती नाही. लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घरी आणली आणि फोकस हाताने करावा लागला, असे होऊ शकते.

देखभालीला मी खरेदीच्या क्रमात बॉडीच्या आधी ठेवले, त्याला कोल्हापूरचे हवामान कारण आहे. गगनबावड्याकडे पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शहरात त्यापेक्षा पुष्कळ कमी, पण जून ते सप्टेंबर ओल दोन्हीकडे असते. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर टिकून राहिली की लेन्समध्ये बुरशी धरते. कातडी पिशवीत, कपाटाच्या तळाशी, आषाढ-श्रावणात काम नाही म्हणून दोन महिने बंद ठेवलेली लेन्स हे तिचे आवडते घर. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा एवढे पुरते. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहिला की झाले. पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापरता येतात. तांदूळ घालू नये, त्याची पूड लेन्सच्या रिंगमध्ये जाते. जोतिबाच्या चैत्री यात्रेतला गुलाल हा दुसरा शत्रू. झूम लेन्स लांब-आखूड होताना हवा आत ओढते आणि हवेबरोबर गुलालही. डोंगरावर जाताना प्राइम किंवा आतल्या आत फिरणारी झूम लावावी, पुढे साधा फिल्टर असावा आणि यात्रेत लेन्स बदलू नये. दोन-तीन आठवड्यांच्या कमाईएवढी सर्व्हिसिंगची रक्कम यातून वाचते, आणि ती वाचलेली रक्कमही सुधारणेतच धरावी.

सर्वांत जोराचा आक्षेप फोटोचा नाहीच, धंद्याचा आहे. गिऱ्हाईक कॅमेरा बघून पैसे देते, असे म्हणतात. लहान बॉडी आणि लहान लेन्स घेऊन गेलो तर नवरीचे मामा 'हाच का तुमचा कॅमेरा?' म्हणून विचारतात आणि पुढचे काम दुसऱ्याला जाते. हा अनुभव खोटा ठरवण्यात अर्थ नाही. पण मामा विचारतात ते लग्नाच्या दिवशी, ऑर्डर त्याच्या कितीतरी आधी दिलेली असते, ती अल्बम पाहून किंवा इन्स्टाग्राम पाहून. तिथे बॉडीचे नाव दिसत नाही, चेहऱ्यावरचा उजेड दिसतो. शिवाय मामांची समजूतच काढायची असेल तर स्टँडवरचा फ्लॅश आणि भली मोठी छत्री यांच्याइतके 'प्रोफेशनल' दिसणारे स्वस्त सामान दुसरे नाही. हप्त्यावर घेतलेल्या बॉडीचा त्रास वेगळा. हप्ता बारा महिने येतो आणि मुहूर्त बारा महिने नसतात. तुळशीच्या लग्नापासून पुढे काही महिने हातात काम, मग चातुर्मासात शुकशुकाट. कर्ज मात्र पंचांग पाहत नाही.

मुहूर्तांच्या याच चढउतारामुळे भाड्याचा पर्याय आपल्याकडे उपयोगी आहे. समजा एखाद्या लेन्सचे दिवसाचे भाडे तिच्या किमतीच्या दोन टक्के आहे. वर्षात पन्नासपेक्षा कमी दिवस तिची गरज पडत असेल तर पहिल्या वर्षी भाडे स्वस्त पडते, आणि ते बिलात वेगळे लावता येते. ७०-२०० सारखी जड झूम राधानगरी-दाजीपूरला गवा टिपायला जाणाऱ्या हौशी माणसाला वर्षातून पाच-सहा दिवस लागते. ती कपाटात ओल खात पडण्यापेक्षा भाड्याने आणलेली बरी. उलट फिफ्टी रोज लागते, ती भाड्याने आणणे हा तोटा. मालकीची गरज वापराच्या दिवसांवर ठरते, वस्तूच्या किमतीवर ठरत नाही. तिघाचौघांनी मिळून महागडी लेन्स घ्यावी असा सल्लाही ऐकू येतो. मला तो पटत नाही, कारण मोठा मुहूर्त सगळ्यांचा एकाच दिवशी असतो.

आता अपवाद. बाबूरावांचा दाखला देऊन 'बॉडीवर पैसा घालूच नका' असे सांगणे म्हणजे इतिहासाचे पुढचे पान न वाचणे. त्यांच्याच कंपनीत घडलेले दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांनी धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३१ साली 'आलम आरा' बोलला आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला. आवाजासाठी जुनी यंत्रसामग्री डागडुजी करून चालण्यासारखी नव्हती, ती नवी लागलीच. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे दिवस मूकपटाच्या युगाबरोबरच सरले होते. कंपनी मिटण्याची कारणे अनेक होती, पण यंत्र कधी बदलावे याची खूण त्या चार वर्षांत स्पष्ट दिसते. नवे मॉडेल आले म्हणून बदलावे लागले नाही. प्रेक्षक मागत होता ती वस्तूच वेगळी झाली, म्हणून बदलावे लागले.

आजच्या लग्नात तो आवाज म्हणजे व्हिडिओ. हळदीत नाचणाऱ्या नवरीच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवणे, चालता चालता न हलणारे चित्र मिळवणे, ४-के देणे, हे दहा वर्षांपूर्वीच्या डीएसएलआरला जमत नाही आणि एफ १.८ ची काच त्याला मदत करत नाही. तिथे फिफ्टीचे गणित मोडते. विचारणा करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आधी 'सिनेमॅटिक' आणि मग अल्बम म्हणत असतील, तर मिररलेस बॉडी हा त्या फोटोग्राफरसाठी मोह नाही, कच्चा माल आहे. स्थिर फोटोतही अपवाद आहेत: खासबागेतल्या कुस्तीत डाव पडतो तो क्षण, झेपावणारा पक्षी, किंवा एकाच खणाच्या बॉडीवर लग्न काढण्याची रोजची धास्ती. पण असा अपवाद आपल्याला लागू आहे का, हे मित्रमंडळीत ठरवण्यापेक्षा आपल्याच हार्ड डिस्कवर ठरवावे. डिजिटल फोटोमध्ये लेन्सची लांबी, अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ नोंदलेले असतात आणि डार्कटेबलसारखे फुकट सॉफ्टवेअरही ते दाखवते. गेल्या हंगामातले टाकून दिलेले फोटो काढावेत. ते दाणेदार असतील तर उजेड किंवा काच कमी पडली, शटर १/६० वर असताना हललेले असतील तर तेच, आणि उजेड भरपूर असताना, शटर वेगवान असताना फोकस सुटलेला असेल तरच बॉडीचा दोष, तोही लेन्सचा फोकस पुढे-मागे पडत नाही ना हे तपासल्यावर.

अशा तपासणीतून ज्याचे उत्तर बॉडी असेच निघेल त्याने ती घ्यावी, मात्र जुन्या काचेवर पाणी सोडू नये. कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून मिररलेसच्या आरएफ माउंटवर फोकससकट चालतात, त्यामुळे लेन्स एकेक करून पुढच्या हंगामांत बदलता येतात किंवा बदलल्या नाहीत तरी चालते. निकॉनच्या मिररलेसच्या झेड माउंटसाठी एफटीझेड अ‍ॅडॅप्टर आहे. त्यातही मोटर नाही, म्हणजे एएफ-डी लेन्सचा फोकस तिथेही हातानेच करावा लागेल. ज्याच्या पिशवीत अशा लेन्स आहेत त्याने बॉडीच्या किमतीत आतच मोटर असलेल्या एका एएफ-एस फिफ्टीची किंमत आधीच मिळवून मग दुकानात पाऊल टाकावे.